व्हिडिओ अडखळतो, पण सीपीयू तर रिकामाच दिसतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडणे-डिचोलीकडचे दशावतार, फोंड्यातली नाटकं, गावोगावचे भजनी सप्ताह यांचं चित्रीकरण मी करतो. काम झालं की फाईल पेनड्राइव्हवर घालून देतो आणि दोन दिवसांनी फोन येतो : "अरे, व्हिडिओ अडकत अडकत चालतोय, तुझ्या कॅमेऱ्यातच काहीतरी घोळ आहे." कधी कधी घोळ माझाच असतो, हे कबूल. पण बऱ्याचदा शोधत गेलं की गाडी त्या कॉम्प्युटरच्या शेड्युलरपाशी येऊन थांबते. त्यातही कुणीतरी कधीतरी बदलून ठेवलेली आणि मग विसरलेली एखादी सेटिंग निघते. तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून हे पान.

आज्ञा, मेनू आणि फाईलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाईप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

शेड्युलर म्हणजे काय? आणि त्याचा व्हिडिओशी संबंध काय?

देवळातल्या महाप्रसादाची पंगत डोळ्यांसमोर आणा. भात भरपूर शिजलाय, वरणाची बादली भरलेली आहे, पण वाढपी एक आणि पानं चाळीस. तो पहिल्या चार पानांपाशीच रेंगाळला तर शेवटच्या पानावरचा भात कोरडाच राहणार. स्वयंपाक कमी पडला असं कुणी म्हणणार नाही. वाढपी वेळेवर आला नाही, एवढंच.

ऑपरेटिंग सिस्टिममधला हा वाढपी म्हणजे शेड्युलर. एकाच वेळी शेकडो कामं प्रोसेसर मागत असतात आणि कुणाचा नंबर कधी लावायचा, किती वेळ द्यायचा, कुणाला मध्येच उठवायचं हे तो ठरवतो. पत्र टाईप करताना नंबर ४० मिलिसेकंद उशिरा लागला तर तुम्हाला कळतही नाही. व्हिडिओचं तसं नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दर ४० मिलिसेकंदांनी नवं चित्र पडद्यावर यायलाच हवं. ५० फ्रेम असतील तर २० मिलिसेकंद, ६० असतील तर जेमतेम १६.६७. त्या वेळात चित्र तयार झालं नाही की प्लेअर ते टाकून देतो आणि आपल्याला झटका दिसतो.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १५ टक्केच वापरात दिसतो. मग प्रोसेसर कमी पडतोय असं कसं म्हणता?

मी तसं म्हणतच नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच चकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो १५ टक्क्यांचा आकडा सरासरी आहे, आणि दोन बाजूंनी सरासरी आहे. एक म्हणजे सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांची) मिळून. आठ लॉजिकल प्रोसेसर (सिस्टिमला दिसणारे कोअर) असलेल्या मशीनवर एक कोअर पूर्ण भरला तरी एकूण आकडा १२.५ टक्केच दिसतो. तुमच्या प्लेअरचा मुख्य थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) नेमका त्याच कोअरवर अडकला असेल तर बाकीचे सात रिकामे असून काय उपयोग? टास्क मॅनेजरच्या आलेखावर राईट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा, म्हणजे आठ वेगळे आलेख दिसतील. लिनक्सवर 'टॉप' चालू करून १ हा आकडा दाबा.

दुसरी सरासरी काळाची. टास्क मॅनेजर सेकंदाभराचा हिशेब दाखवतो आणि व्हिडिओचं गणित वीस-चाळीस मिलिसेकंदांत चालतं. सेकंदातले ९०० मिलिसेकंद प्रोसेसर निवांत होता आणि १०० मिलिसेकंद दुसऱ्याच कुणीतरी अडवून ठेवला, तर आकडा १० टक्के आणि ५० फ्रेमच्या व्हिडिओतल्या पाच फ्रेम गायब.

तेव्हा टक्के बघत बसू नका. प्लेअरला किती वेळ ताटकळत राहावं लागलं, ते बघा. या पानावरच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचा रोख तिकडेच आहे.

दोष इंटरनेटचा नाही हे कशावरून?

नेट कमी पडलं की गोल चक्र फिरतं, चित्र थांबतं आणि मग सुरळीत पुढे जातं. चक्र न दिसता चित्र झटके देत असेल आणि आवाज नीट चालू असेल तर नेटला सोडा. यूट्यूबवर व्हिडिओवर राईट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. त्यात बफर (आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ) शिल्लक असूनही ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा वाढतोय का पाहा. सोपी परीक्षा म्हणजे फाईल हार्डडिस्कवर उतरवा, वायफाय बंद करा आणि लावा.

अडखळणं सगळं सारखंच दिसतं. त्यातलं शेड्युलरचं कुठलं?

सारखं दिसत नाही हो, सवयीने ओळखता येतं. मी एक क्लिप हाताशी ठेवली आहे : दशावतारातला युद्धाचा प्रवेश. दोन पात्रं तलवारी घेऊन गिरक्या घेतायत, पखवाज आणि झांज जोरात आहे आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकतोय. एकाच जागी बसून बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओत झटके लपतात, या क्लिपमध्ये एकही लपत नाही. झांजेचा ठोका आणि तलवारीचा ठोका जुळतोय की नाही हेही लगेच कळतं.

अडखळणं अगदी नियमित असेल, मशीनवर काहीही चालू नसतानाही तसंच असेल आणि ड्रॉप फ्रेमचा आकडा शून्यावर असेल, तर ते शेड्युलरचं नाही. आपल्याकडे कॅमेरे बहुधा २५ किंवा ५० फ्रेमवर लावलेले असतात आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो. ६० भागिले २५ म्हणजे २.४, पण एखादं चित्र २.४ वेळा दाखवता येत नाही. मग ते कधी दोनदा, कधी तीनदा दाखवलं जातं. कॅमेरा सरकला की ही लंगडी चाल डोळ्यांना बोचते. प्रोजेक्टर किंवा मॉनिटर ५० हर्ट्झवर चालत असेल तर तिथे लावा, विषय संपला. या एका कारणावरून मी वर्षभर शिव्या खाल्ल्या आहेत.

दहा-पंधरा मिनिटं छान चालून मग अडखळायला लागलं आणि पंखा ओरडायला लागला, तर उष्णता. मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपात, गादीवर ठेवलेला लॅपटॉप याहून वेगळं काय करणार?

शेड्युलरचे झटके अनियमित असतात आणि दुसरं काहीतरी चालू झालं की येतात. अँटिव्हायरसचं स्कॅन, फोटोंचं सिंक, मागे चाललेलं एन्कोडिंग (व्हिडिओ आवळून नवी फाईल बनवणं), ब्राउझरचे तीस टॅब. ते थांबलं की झटकेही थांबतात.

हे पक्कं सिद्ध कसं करायचं?

आधी फ्रेम मोजायची सोय करा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'टूल्स'मधल्या 'मीडिया इन्फॉर्मेशन'मध्ये स्टॅटिस्टिक्सचं पान आहे, तिथे हरवलेल्या फ्रेमचा आकडा मिळतो. एमपीव्ही हा प्लेअर वापरत असाल तर मोठा आय दाबा. तिथे डिकोडरने (फाईल उलगडून चित्र बनवणाऱ्या भागाने) गाळलेल्या आणि पडद्यापर्यंत न पोचलेल्या फ्रेम वेगवेगळ्या दिसतात.

मग विंडोजवर एक प्रयोग. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये प्लेअरवर राईट क्लिक करून प्रायॉरिटी 'हाय' करा आणि तीच क्लिप पुन्हा लावा. फ्रेम पडणं थांबलं तर समजा की ताकद पुरेशी होती, नंबर वेळेवर लागत नव्हता. काहीच फरक पडला नाही तर दुसरीकडे शोधायचं. हा प्रयोग म्हणून करायचा, कायमचा इलाज म्हणून नाही. खरा चोर अजून मोकळाच आहे.

लिनक्सवर याहून स्वच्छ पुरावा मिळतो. 'प्रॉक' या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) क्रमांकाचं फोल्डर असतं आणि त्यात 'शेडस्टॅट' नावाची एका ओळीची फाईल असते. तिच्यात फक्त तीन आकडे : काम प्रोसेसरवर किती वेळ चाललं, रांगेत किती वेळ उभं राहिलं आणि किती वेळा नंबर लागला. पहिले दोन नॅनोसेकंदांत. आपल्याला दुसरा हवा. तो लिहून घ्या, दहा सेकंद क्लिप चालवा, पुन्हा वाचा, वजाबाकी करा. फरक काही मिलिसेकंदांचा असेल तर शेड्युलर निर्दोष. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एकदा दहा सेकंदांत जवळजवळ दोन सेकंद प्रतीक्षा निघाली होती. तेवढ्या उशिरात ५० फ्रेमचा व्हिडिओ सरळ चालणं शक्यच नव्हतं.

एक फसगत सांभाळा. प्रोसेसच्या फोल्डरमधली ती फाईल फक्त मुख्य थ्रेडचा हिशेब देते. डिकोड करणारे थ्रेड आतल्या 'टास्क' फोल्डरमध्ये वेगवेगळे असतात. मी पहिल्यांदा मुख्य थ्रेडचा आकडा पाहून "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळा झालो होतो.

ज्यांना सगळं एकाच तक्त्यात हवंय त्यांनी 'परफ शेड रेकॉर्ड' ही आज्ञा थोडा वेळ चालवून मग 'परफ शेड लेटन्सी' द्यावं. प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती उशीर झाला हे तिथे दिसतं. सरासरीच्या रकान्याकडे लक्ष देऊ नका, कमाल उशिराचा रकाना वाचा. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० पासून 'प्रॉक'मध्ये 'प्रेशर' नावाचं फोल्डरही आहे. त्यातली 'सीपीयू' फाईल मागच्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत कामं प्रोसेसरसाठी किती टक्के वेळ खोळंबली ते सांगते.

विंडोजमध्ये कुठल्या सेटिंग तपासायच्या?

सगळ्यात आधी ही : 'सिस्टिम प्रॉपर्टीज', त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड', परफॉर्मन्सचं 'सेटिंग्ज' बटण, पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड'. तिथे 'प्रोसेसर शेड्युलिंग' खाली दोन पर्याय आहेत, 'प्रोग्राम्स' आणि 'बॅकग्राउंड सर्व्हिसेस'. घरच्या मशीनवर 'प्रोग्राम्स'च हवं. 'बॅकग्राउंड सर्व्हिसेस' हा सर्व्हरसाठीचा पर्याय आहे.

फरक आकड्यांत पाहा. विंडोजच्या घड्याळाचा एक ठोका साधारण १५.६ मिलिसेकंदांचा असतो. 'प्रोग्राम्स' निवडलं असेल तर मागच्या कामाला सलग दोन ठोके मिळतात, म्हणजे सुमारे ३१ मिलिसेकंद, आणि समोरच्या खिडकीच्या कामाला सहा. 'बॅकग्राउंड सर्व्हिसेस' निवडलं की समोरचा-मागचा भेद संपतो आणि प्रत्येकाला सरसकट बारा ठोके, म्हणजे जवळजवळ १८७ मिलिसेकंद मिळतात. तुमच्या प्लेअरइतक्याच प्रायॉरिटीचं एखादं खादाड काम त्याच कोअरवर बसलं तर प्लेअर तेवढा वेळ हात चोळत बसणार. ५० फ्रेमच्या हिशेबाने नऊ फ्रेम गेल्या.

ही सेटिंग आपोआप बदलत नाही. "कॉम्प्युटर सुपरफास्ट करा" छापाचा एखादा व्हिडिओ पाहून कुणीतरी ती बदललेली असते, बहुधा घरातल्या बारावीतल्या मुलाने.

तसल्याच नुस्ख्यांत दुसरा बळी जातो तो मल्टिमीडिया क्लास शेड्युलरचा. विस्टापासून विंडोजमध्ये ही सोय आहे. आवाज आणि व्हिडिओची कामं तिच्याकडे नाव नोंदवतात आणि ती त्यांना वेळेवर प्रोसेसर मिळवून देते. बाकीची कामं अगदीच उपाशी राहू नयेत म्हणून तिच्या नावाने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) 'सिस्टिम रिस्पॉन्सिव्हनेस' नावाचा आकडा असतो, मूळचा २०, म्हणजे २० टक्के वेळ इतरांसाठी राखीव. तो १०० केला की ही सोयच बंद पडते. "रिस्पॉन्सिव्हनेस १०० म्हणजे सगळ्यात चांगलं" असं नावावरून वाटतं खरं, पण परिणाम उलटा. २० वर परत आणा.

'डिटेल्स'मध्ये 'सेट अफिनिटी'ही (कुठल्या कोअरवर चालायची मुभा आहे ते) बघून घ्या. गेमसाठीची काही 'बूस्टर' सॉफ्टवेअरं बाकीच्या सगळ्या प्रोग्रामना एका-दोन कोअरवर कोंडून ठेवतात. प्लेअरपुढे फक्त 'सीपीयू ०' वर खूण दिसली तर चोर सापडला.

जुना प्लेअर विंडोज अपडेटनंतरच अडखळायला लागला. अपडेटने काही केलं का?

शक्य आहे. २०२० मधल्या विंडोज १० च्या '२००४' क्रमांकाच्या आवृत्तीच्या आधीपर्यंत कुठल्याही एका प्रोग्रामने बारीक ठोक्याचं घड्याळ मागितलं की ते सगळ्या मशीनला लागू व्हायचं. ब्राउझरने १ मिलिसेकंद मागितलं की जुन्या प्लेअरचंही आयतंच भागायचं. त्या आवृत्तीपासून ज्याने मागितलं त्यालाच मिळतं. स्वतः न मागणारा प्लेअर आता १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्यावर झोपतो-उठतो आणि ६० फ्रेमच्या १६.६७ शी त्याची सतत टक्कर होते. प्लेअरची नवी आवृत्ती घ्या. रजिस्ट्रीत हात घालू नका.

प्रायॉरिटी सरळ 'रिअलटाइम' करून टाकली तर?

नको. प्लेअर कुठे अडकला तर माऊस, कीबोर्ड, डिस्क सगळं त्याच्या मागे तिष्ठत बसेल. मग बटण दाबून मशीन बंद करण्याशिवाय गत्यंतर नाही. मी केलंय, भरल्या मंडपासमोर. लिनक्समध्ये निदान रिअलटाइम कामांना मिळून सेकंदातले ०.९५ सेकंदच देण्याची मूळची मर्यादा आहे, पण तिथेही व्हिडिओसाठी याची गरज नसते.

लाईट गेली की व्हिडिओ अडखळतो, आली की ठीक. हे काय प्रकरण?

पावसाळ्यात हा प्रश्न दर आठवड्याला येतो. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि पॉवरचा मोड बदलतो. प्रोसेसर खालच्या वेगावर राहतो, वर चढायला नाखूष असतो, आणि शेड्युलर कामं थोड्या कोअरवर गोळा करून बाकीचे झोपवून ठेवतो. बॅटरीच्या दृष्टीने शहाणपणाचं आहे, झांजेच्या ठोक्याच्या दृष्टीने नाही.

आमच्या गावच्या सप्ताहाला (वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखा मोठा नव्हे, साधाच चोवीस तासांचा) मागच्या वर्षीचं भजन पडद्यावर लावलं होतं. लाईट गेली. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर होता, पण लॅपटॉपचा चार्जर चुकून दुसऱ्या बोर्डावर होता. पडदा चालू, आवाज चालू आणि बुवांचे हात मात्र तुकड्यातुकड्यांत हलतायत. भजनी मंडळातले एक काका म्हणाले, "बुवा थकले वाटतं."

विंडोजमध्ये 'पॉवर मोड' बॅटरीसाठी वेगळा ठरवता येतो. कार्यक्रमापुरता तो 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा आणि बॅटरी सेव्हर बंद करा. जुन्या पद्धतीच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' कुणी ५० टक्क्यांवर आणून ठेवलं आहे का तेही पाहा. लिनक्सवर पॉवर प्रोफाइल 'बॅलन्स्ड' किंवा 'परफॉर्मन्स'. चार्जर इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

म्हापशाच्या एका ओळखीच्या माणसाला याच तक्रारीवर एका दुकानाने नवी रॅम विकली. मेमरी कमी नव्हतीच. बॅटरी सेव्हर चालू होता, तो रॅम बसवल्यावरही चालूच राहिला.

लिनक्सवर एन्कोडिंगला नाइस १९ दिलं, तरी शेजारी व्हिडिओ अडखळतो. नाइस काम करत नाही का?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण यात मी स्वतः दोन रात्री घालवल्या आहेत.

नाइस म्हणजे काम किती नमतं घेईल ते सांगणारा आकडा, त्याचं माप उणे २० ते १९. आकडा मोठा तेवढं काम नम्र. शून्य नाइसला वजन (प्रोसेसरच्या वाटणीतला हिस्सा) १०२४ आणि १९ ला फक्त १५. म्हणजे दोन कामं एका कोअरवर भांडली तर नम्र कामाला दीड टक्क्याच्या आसपास मिळायला हवं. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरातल्या एका प्रयोगाचा पहिला अंक टर्मिनलवरून एन्कोडिंगला लावला होता, नाइस १९ देऊन. दुसरा अंक प्लेअरमध्ये पाहत होतो, दर सेकंदाला झटका. फाईल एचईव्हीसी (नव्या, जास्त आवळलेल्या प्रकारातली), लॅपटॉप इतका जुना की ग्राफिक्स चिपला एचईव्हीसी उलगडता येत नाही. सगळा भार प्रोसेसरवर. 'टॉप'मध्ये एन्कोडरपुढे १९ लख्ख दिसत होतं, आणि तरीही तो अर्धा प्रोसेसर खात होता.

कारण ऑटोग्रुप. कर्नल २.६.३८ पासून, म्हणजे २०११ पासून, ही सोय आहे. एका टर्मिनलमधून सुरू झालेली सगळी कामं एका गटात घालतात आणि प्रोसेसर आधी गटागटांत वाटतात. नाइस लागू होतं ते गटाच्या आत. माझा एन्कोडर आपल्या गटात एकटाच, मग तो नम्र कुणाशी होणार? प्लेअरच्या गटाला अर्धं, एन्कोडरच्या गटाला अर्धं, आणि माझ्या प्लेअरला अर्ध्याहून जास्त हवं होतं.

एन्कोडरच्या 'प्रॉक' फोल्डरमधली 'ऑटोग्रुप' ही फाईल वाचली तेव्हा उलगडा झाला. तिच्यात गटाचं नाव होतं आणि पुढे 'नाइस ०'. 'टॉप' १९ म्हणतंय, गट शून्य म्हणतोय. त्याच फाईलमध्ये १९ लिहिलं आणि पुढच्याच क्षणी तलवारी सरळ फिरायला लागल्या.

लिनक्सच्या नव्या वितरणांत (तयार आवृत्त्यांत) बऱ्याचदा ऑटोग्रुपऐवजी सिस्टिमडीचे (लिनक्स सुरू करून कामं सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे) कंट्रोल ग्रुप असतात. तत्त्व तेच, नाइस गटाच्या आतच. तिथे 'सिस्टिमडी-रन'मधून काम सुरू करून 'सीपीयू वेट' कमी द्यायचं. मूळचं १०० असतं, मी १० देतो. आणि घाई नसेल तर एन्कोडरला थ्रेडच कमी द्या. तो रात्रभर चालला तरी तुमचं काय जातंय?

नेटवर सांगितलेल्या 'शेड लेटन्सी'च्या सेटिंग माझ्याकडे सापडतच नाहीत.

कारण ते सल्ले शिळे आहेत. लिनक्सचा सीएफएस शेड्युलर २००७ मध्ये कर्नल २.६.२३ बरोबर आला, इंगो मोलनार यांनी लिहिलेला. त्याच्या लेटन्सी (उशीर) आणि ग्रॅन्युलॅरिटी (एका दमात द्यायचा वेळ) बदलायच्या खुंट्या, म्हणजे सेटिंग, आधी 'सिसकंट्रोल' या आज्ञेत होत्या. ५.१३ मध्ये त्या डीबगच्या फोल्डरमध्ये हलवल्या. २०२३ मध्ये कर्नल ६.६ पासून सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ हा नवा शेड्युलर आला आणि त्यातल्या बऱ्याच खुंट्या उरल्याच नाहीत. नवी पद्धत प्रत्येक कामाला एक मुदत लावते आणि ज्याची मुदत आधी त्याचा नंबर आधी.

सल्ले इतके का साचले, तर या विषयावर भांडणंही तितकीच झाली. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिव्हास पेशाने भूलतज्ज्ञ. घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स सुरळीत चालावं म्हणून ते वर्षानुवर्षं कर्नलबाहेर स्वतःचे शेड्युलर लिहीत राहिले. २००९ मधला बीएफएस त्यांचाच. मोठ्या सर्व्हरसाठी केलेल्या निवडी घरगुती मशीनला मानवतीलच असं नाही, हा त्यांचा मुद्दा मला आजही पटतो.

जुन्या कर्नलवर असाल तर एक ठिकाण जरूर पाहा : 'ट्यून्ड' हे साधन. त्याचं 'थ्रूपुट-परफॉर्मन्स' हे प्रोफाइल सीएफएसची किमान ग्रॅन्युलॅरिटी १० मिलिसेकंदांवर आणि वेकअपची (झोपलेलं काम उठवतानाची) १५ वर नेत असे. नावात परफॉर्मन्स आहे म्हणून लोक लावतात. सर्व्हरला बरं, पण एका कोअरवर चार खादाड कामं असली तर प्लेअरचा नंबर ४० मिलिसेकंदांनी लागणार, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओची पूर्ण एक फ्रेम.

वेगळा कर्नल टाकू का?

आधी वरचं सगळं करून पाहा. सर्व्हरसाठी बांधलेला कर्नल डेस्कटॉपवर चालवत असाल तरच विचार करा. त्याचा ठोका सेकंदाला १०० किंवा २५० असू शकतो, म्हणजे १० किंवा ४ मिलिसेकंदांचा. डेस्कटॉपला १००० चांगला. कर्नल ५.१२ पासून बऱ्याच वितरणांत बूट करताना 'प्रीएम्प्ट'ला (चालू काम मध्येच उठवण्याच्या सेटिंगला) 'फुल' देता येतं, कर्नल न बदलता. एवढ्यानेच काम झालेलं मी पाहिलंय.

मेमरी कार्डवरून कॉपी चालू असताना व्हिडिओ थांबत थांबत चालतो.

रांग इथेही आहे, पण डिस्कची. 'टॉप'मध्ये 'डब्ल्यूए'चा आकडा वर गेला असेल तर प्रोसेसर मोकळा आहे आणि डिस्कची वाट पाहिली जातेय. परीक्षा सोपी : क्लिप लिनक्सच्या 'डेव्ह'मधल्या 'एसएचएम' फोल्डरमध्ये, म्हणजे थेट मेमरीत ठेवा आणि तिथून लावा. झटके गेले तर डिस्क. फिरत्या हार्डडिस्कवर बीएफक्यू हा डिस्क-शेड्युलर लावून पाहा, कर्नल ४.१२ पासून आहे. विंडोजवर कॉपी संपेपर्यंत थांबणं, किंवा व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर ठेवणं.

सगळं करून पाहिलं. चित्र झटके देतं, सोबत आवाजही 'टर्र' करतो.

आवाज आणि चित्र एकदमच तुटत असेल तर माझा पहिला संशय ड्रायव्हरवर (वायफाय, साउंडकार्ड असे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर). ड्रायव्हरची इंटरप्टची (तातडीने मध्येच घुसणारी) कामं शेड्युलरच्या वर बसतात, त्यांच्यापुढे कुठलीही प्रायॉरिटी चालत नाही. विंडोजवर 'लेटन्सीमॉन' दहा मिनिटं चालवा, कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते नावानिशी सांगतो. ते टाकायचं नसेल तर आधी वायफाय बंद करून पाहा, मग ब्लूटूथ.

नवा लॅपटॉप घेतला, त्यात मोठे-छोटे कोअर आहेत. खिडकी छोटी केली की अडखळतो.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून ताकदवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर एकाच चिपवर येतात. कुठलं काम कुठे पाठवायचं यात विंडोज ११ ला चिपकडूनही सूचना मिळतात. मागे गेलेल्या खिडकीची कामं काटकसरी कोअरवर जातात. टास्क मॅनेजरमध्ये प्लेअरपुढे हिरवं पान दिसतंय का पाहा. असेल तर राईट क्लिक करून 'एफिशिएन्सी मोड' काढा. हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडणं) चालू असेल तर छोटे कोअरही व्हिडिओला पुरून उरतात. तेव्हा प्लेअरमध्ये ते बंद तर केलेलं नाही ना, हे आधी.

मोबाईलवर अडखळतो.

बॅटरी सेव्हर बंद करा, मोबाईल थंड होऊ द्या. पुढे तिथे आपल्या हातात फारसं काही नसतं.

तुम्हाला फोन करायचा असेल तर काय काय तयार ठेवू?

"अडकतोय" एवढंच सांगू नका. प्लेअरमधला ड्रॉप फ्रेमचा आकडा, आधीचा आणि एक मिनिटानंतरचा. प्रत्येक कोअरचा आलेख दिसणारा स्क्रीनशॉट, झटके येत असतानाचा. चार्जर लावलेला आहे की नाही. व्हिडिओ किती फ्रेमचा, पडदा किती हर्ट्झचा. प्लेअरची प्रायॉरिटी 'हाय' केल्यावर फरक पडला का. आणि गेल्या महिन्याभरात मशीन 'फास्ट' करण्यासाठी कुणी काही टाकलंय का, ते घरातल्या पोरांना विचारूनच फोन करा. संध्याकाळी सातनंतर नको, चवथीपर्यंत रोज तालीम असते.